पाचवा दिवा

असं झालं का नाही ते एक अल्ला जाणे. पण पंजकेंत गावात कालव्याकाठी एक खोसियत राहायची. तिचा एकुलता एक मुलगा शोदी रशियात विटा रचायला गेलेला, आणि घरात तिच्या सोबतीला सून मावजुदा आणि अडतीस दिवसांची नात. नातीचं नाव इस्तद. म्हणजे थांबलेली. असं नाव कुणी हौसेनं ठेवत नाही. तिच्या आधीची दोन बाळं थांबली नव्हती.

चाळीस दिवस पुरे होईतो बाळाला उंबरा ओलांडू द्यायचा नाही, आणि दिवस कलला की त्याच्या खोलीत अंधार होऊ द्यायचा नाही, एवढं तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण पहिल्या बाळाच्या अडतिसाव्या संध्याकाळी खोलीतला छताचा दिवा गेला. दुसऱ्याच्याही अडतिसाव्यालाच गेला. दोन्ही वेळा बायकांनी घाईघाईनं मेणबत्त्या लावल्या. सकाळी दिवा आपोआप आला, आणि मेणबत्त्या मात्र तशाच ठेवाव्या लागल्या. मयताच्या उशाशी.

त्या दिवशी खोसियत चुलीपाशी सुनेसाठी 'आटाला', म्हणजे बाळंतिणीची तुपातली पिठाची पेज, ढवळत होती. पीठ खमंग भाजलं होतं, तूप सुटायला आलं होतं. तेवढ्यात आतून मावजुदाची हाक आली. ओरडून नाही, अगदी हळू. सासूला ती ओया, म्हणजे आई, म्हणायची.

"ओया... दिवा गेला."

खोसियतच्या हातातला डाव भांड्यातच राहिला. बाहेर कालव्यावर ऊन अजून होतं, पण थंडीतलं ऊन ते, तासाभराचं पाहुणं.

तिनं स्टुलावर चढून बल्ब काढला, स्वयंपाकघरात लावून पाहिला. लख्ख पेटला. परत खोलीत लावला. मेल्यासारखा. ओसरीचाही दिवा बंद. छतातून मात्र जळक्या रबराचा वास येत होता.

"मेणबत्ती लावू का?" मावजुदानं विचारलं.

"तोंड आवर!" खोसियत म्हणाली. "या घरात आता मेणबत्ती लागणार नाही. मोबाइलचा उजेड धर पाळण्यावर. मी कुर्बोनला आणते."

कुर्बोन म्हणजे पलीकडच्या आळीतला वायरमन. पोट पुढं, खिशात सूर्यफुलाच्या बिया.

"खोसियत आपा, तुमच्या घराला माझी आठवण अंधार पडल्यावरच होते का हो?"

"मग काय पुलाव खायला बोलावू? उचल ती शिडी. बिया नंतर फोड."

त्यानं जुना दिवा उतरवला. होल्डर कोळशासारखा काळा, काचेच्या वाटीत मेलेले पतंग. "हे बघा, हाच चोर," म्हणून त्यानं पिशवीतून नवा दिवा काढला, तारा सोलल्या, आवळल्या, बल्ब बसवला. मावजुदानं बटण दाबलं.

काही नाही.

कुर्बोननं बल्ब पुन्हा काढला आणि टेस्टर एका तारेला लावला. टेस्टरच्या पोटात लाल ठिपका उजळला. दुसऱ्या तारेला लावला. तिथंही उजळला. त्यानं टेस्टर पुसला आणि दोन्ही तारांना पुन्हा लावून पाहिला.

"काय रे?"

"आपा, एका तारेनं वीज येते, दुसरीनं परत जाते. परतीची वाट कुठंतरी तुटलीय. तुटली तर ती तार मुकी पाहिजे. बोलतेय म्हणजे तुटल्या जागेच्या अलीकडं आणखी एखादा दिवा चालू राहिलाय, त्याच्यातून फिरून येतेय. ओसरीचं बटण खाली असेल. बंद करा."

ओसरीचं बंद केलं. ठिपका उजळलेलाच. फ्रिजची पिन काढली, टीव्हीची काढली. ठिपका तसाच. मग कुर्बोन उतरला आणि एकेक बल्बच काढत सुटला. ओसरीचा, स्वयंपाकघरातला, न्हाणीतला. खोलीतला मघाच काढलेला होता. चारही बल्ब गोधडीवर अंड्यांसारखे मांडून ठेवले.

"घरात दिवे किती, आपा?"

"चार."

तो पुन्हा चढला. टेस्टर लावला. उतरला तेव्हा त्याच्या तोंडातली बी तशीच गालात होती.

"पाच," तो म्हणाला.

खिडकीतलं ऊन भिंतीवर चढून गेलं होतं. पाळण्यात इस्तद जागी होती, पण रडत नव्हती. मोबाइलचा उजेड मंद व्हायला लागला होता.

"ओया, चार्जिंग संपत आलंय..."

कुर्बोननं छताजवळचा गिलावा टोकरला. आत तारांची जुनी डबी सापडली. उघडली तर जळका वास नाकात शिरला. परतीच्या तारेचा जोड जळून सुटलेला होता. ते सापडलं खरं, पण डबीतून तीन वाटा निघत होत्या. एक दिव्याकडं, एक ओसरीकडं. तिसरी सरळ भिंतीत.

"या भिंतीपलीकडं काय आहे?"

"काही नाही. कालवा."

तो बाहेर जाऊन बघून आला. कोरी मातीची भिंत, खाली पाणी. दार नाही, खिडकी नाही, भोक नाही. आत येऊन त्यानं भिंतीला कान लावला आणि लगेच काढला.

"काय ऐकलंस?"

"काही नाही."

"कुर्बोन, मी तुझ्या आईच्या वयाची आहे. काय ऐकलंस?"

"लाकूड वाजतंय, आपा. एका लयीत. पाळण्याचं वाजतं तसं."

मावजुदानं आपल्या पाळण्यावर हात ठेवला. तो हलत नव्हता.

कुर्बोननं पक्कड काढली. "मी ही तिसरी तोडतो. मग तुमचा जोड बांधतो. दोन मिनिटांचं काम." पक्कडीचा जबडा तारेवर बसला.

खोसियत भिंतीकडं बघत राहिली. जोड एकच. इथला दिवा गेला तेव्हा तिथलाही मंदावला असणार. अडतिसाव्याला, दोन्ही वेळा. अंधारात बसलेल्याला सोबत हवी असते. आणि सोबतीला या घरातून कोण गेलं होतं?

"थांब!" ती म्हणाली. "तोडू नकोस."

"आपा, वेड लागलं का? कुणाचा दिवा आहे ते तरी..."

"कुणाचा का असेना. तिथंही कुणीतरी बाळापाशी बसलंय. त्यांचाही बांध. नीट बांध, पुन्हा सुटायला नको."

"ओया," मावजुदा कुजबुजली, "मोबाइल गेला."

कुर्बोननं मेन बंद केला. ओसरीतून येणाऱ्या राखाडी उजेडात तो चाचपडत जोड बांधत होता. आता भिंतीतला आवाज कान न लावताही ऐकू येत होता. टक्... टक्... जरा घाईनं. आणखी घाईनं. इस्तदनं मान भिंतीकडं वळवली. खोसियतनं दोन्ही हात पाळण्याभोवती घातले आणि मोठ्यानं म्हणाली, "येतोय, बाई, येतोय. तुझाही येतोय."

आवाज थांबला.

"लावा," कुर्बोन म्हणाला. मेन वर गेला. मावजुदानं बल्ब बसवला, बटण दाबलं, आणि खोली पिवळ्याधमक उजेडानं भरली. इस्तद दचकली, आणि घर डोक्यावर घेईल अशी रडली. दोघी बायका रडायला लागल्या, हसायलाही लागल्या. कुर्बोननं मजुरीचं नावही काढलं नाही. आटालाचा घोटही न घेता गेला.

दोन दिवसांनी चाळीस भरले. आळीतल्या बायका जमल्या, चाळीस चमचे पाणी मोजून बाळाला न्हाऊ घातलं, नजर लागू नये म्हणून इस्पंदाच्या बियांची धुरी दिली. वसंतात शोदी परत आला तो कायमचा. इस्तदच्या पाठीवर एक भाऊ झाला, मग आणखी एक. तिघंही थांबली. आज त्या घरात नान भाजून भाजून तंदूर थंड होत नाही, आणि खोसियत नातवंडांवर खेकसायला मिळतं म्हणून सुखात आहे.

फक्त त्या चाळिसाव्या रात्री, सगळे गेल्यावर, मावजुदानं पहिल्यांदाच खोलीतला दिवा बंद केला, तेव्हा छताजवळच्या गिलाव्यातून उजेडाची एक बारीक रेघ आत पडली होती. ती अजून पडते. तीन मुलांचे चाळीस दिवस भरले, त्या भिंतीआडच्या बाळाचे अजून भरायचे आहेत.