चौदा अंगठे

ही घटना खरी आहे. पटत नसेल तर सोडून द्या, पण त्या कागदावर माझे अंगठे आहेत.

मी भुताखेतांच्या नादी लागणारा माणूस नाही. माझं नाव तीर्थमान. पोखऱ्यात एका विमान कंपनीत जागांचं काम बघतो. गोदामं भाड्याने घ्यायची, करार करायचे, मुदत संपली की ताबा परत द्यायचा. कंपनीचं नाव लिहीत नाही, अजून तिथेच नोकरी करतो.

पौषाची नऊ तारीख. मंगळवार. सकाळचे अकरा.

हो, दिवसाढवळ्या.

जुन्या विमानतळाच्या कुंपणाला लागून आमचं गोदाम होतं. टायर, शिड्या, मोडक्या खुर्च्या तिथे पडायच्या. विमानतळ नव्या जागी गेला आणि त्याची गरज संपली. जागा हिमा शेरचन नावाच्या बाईंची. ताबा मिळावा म्हणून त्यांनी कोर्टात दावा लावला होता.

आता मनबीरचं सांगतो.

मनबीर मगर त्या गोदामाचा पहारेकरी. एकवीस वर्षं मागच्या कोपऱ्यातच राहिला. तिथेच स्टोव्ह, तिथेच बिछाना. बायको तिथेच वारली आणि मुलगी फुलमाया तिथेच वाढली. त्या मुलीला नागरिकता, म्हणजे नागरिकत्वाचा दाखला, काढायची होती. आमच्याकडे तो दाखला नसेल तर नोकरी नाही, मोबाइलचं सिमसुद्धा नाही. वॉर्ड ऑफिसने सांगितलं, बाप इथे राहतो असं कंपनीचं पत्र आणा.

दोन ओळींचं पत्र.

आमचे वकील लोकमणी म्हणाले, "तीर्थमानजी, चुकूनही देऊ नका. राहतो म्हणून लिहून दिलंत की उद्या हाच उठून जागेवर हक्क सांगेल. मग बसा कोर्टाच्या पायऱ्या झिजवत."

मी पत्र दिलं नाही. उलट कोर्टात लिहून दिलं, गोदामात कुणी राहत नाही, कधी राहिलेलं नाही.

मनबीर शेवटचा आला तेव्हा ऑफिसच्या दारातच उभा राहिला.

"हाकिम, मी कुठे राहतो ते तुम्हाला ठाऊक नाही? माझ्या हातचा चहा प्यायलात की तिथे."

"डोकं खाऊ नकोस, मनबीर," मी म्हणालो.

कार्तिकात तो त्या कोपऱ्यातच वारला. फुलमाया मामाकडे होती. दोन दिवस कुणाला पत्ताच नव्हता.

मला वाईट वाटलं का? खरं सांगतो, हायसं वाटलं.

तर ताब्याचा दिवस. आमच्याकडे पंचनामा लिहिला की तो सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवतात. मग प्रत्येकाने दोन्ही अंगठे उमटवायचे, उजवा आणि डावा. आम्ही सहा जण होतो. मी, लोकमणी, हिमाबाई, त्यांचा भाऊ, वॉर्डाचे सचिव आणि शेजारचा दुकानदार. गोदाम सगळ्यांनी आतून बघितलं. रिकामं. दार लोटून घेतलं आणि बाहेर टेबल मांडलं.

सचिव वाचू लागले. "सदर गोदामात कुणीही राहत नाही..."

खट्.

आतून कडी लागली.

हिमाबाईंनी माझ्याकडे बघितलं. "आत कोणाला ठेवलंय?"

"कुणालाच नाही."

"मग कडी काय उंदराने लावली?"

मी दार ढकललं. हलेना. लोकमणींनी खांदा लावला, तसं ते एकदम उघडलं.

आत कुणी नव्हतं.

आणि दाराला आतून कडीच नव्हती... सामान काढताना आम्हीच ती उचकटली होती. लाकडात नुसती भोकं होती.

लोकमणी हसले. "जुनं दार आहे, फुगलं असेल. वाचा पुढे."

सचिवांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. त्या वाक्यापाशी आले... आणि आत स्टोव्हला कुणीतरी पंप मारू लागलं. सावकाश. मग रॉकेलचा वास आला.

या वेळी आत बघायला कुणी गेलं नाही.

आम्ही घाईघाईने अंगठे उमटवले. सचिव मोजायला लागले आणि थांबले.

"चौदा आहेत."

शेवटचे दोन ओले होते. त्यांत एकही रेघ नव्हती. नुसते काळे, गुळगुळीत.

"सातवा कोण?" हिमाबाईंनी विचारलं.

"शाई सांडली," लोकमणी म्हणाले.

"वकीलसाहेब, शाई अंगठ्यासारखी सांडते होय? मी जागा रिकामी दिली होती, रिकामीच घेणार."

कागद फाडला. नवा लिहिला.

पुन्हा चौदा.

तिसऱ्या वेळी कागद मी स्वतः धरून ठेवला. बारा अंगठे झाले. मी पापणी लवू दिली नाही. आणि माझं मनगट कुणीतरी धरलं...

थंड हात. मनगट धरायचं म्हणून धरलेलं नाही. मोडायचं म्हणून.

माझ्या नावाखाली तेरावा अंगठा हळूहळू काळा होत गेला. मग चौदावा.

सचिव माझ्याजवळ वाकले. मोठ्या भावाला हाक मारावी तसं हळूच म्हणाले, "तीर्थमान दाइ, इथे कुणी राहत होतं का? आत्ता सांगा. मी लिहून टाकतो, प्रश्न मिटतो."

लोकमणी समोरून माझ्याकडे बघत होते. कोर्टात खोटं लिहून दिल्याचं उघड झालं असतं. नोकरी गेली असती.

मी म्हणालो, "नाही. कुणीच नाही."

मनगटावरची पकड सुटली. त्याने हात सोडला तेव्हा मला जास्त भीती वाटली, असं का ते अजून कळत नाही.

लोकमणींनी समासात 'शाईचे डाग' असं लिहिलं. हिमाबाईंनी कुरकुर करत किल्ली घेतली. दावा मिटला.

महिनाभर झोप लागली नाही. शेवटी फुलमायाला पत्र लिहून दिलं, शिक्क्यासकट. तिने ते वॉर्डात नेलं आणि परत आणून माझ्या टेबलावर ठेवलं.

"ते म्हणतात, पंचनाम्यात कुणी राहत नव्हतं असं आहे. खाली तुमचेच अंगठे आहेत. आता हे पत्र कोण खरं मानणार?"

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

या श्रावणात माझा मुलगा सोळाचा झाला. नागरिकतेसाठी अर्ज केला. आमच्या वॉर्डाचा माणूस घर तपासायला आला आणि 'घर बंद' असं लिहून गेला. आम्ही चौघं घरात जेवत होतो.

दुसऱ्यांदा आला. पुन्हा तेच.

तिसऱ्यांदा मी फाटकातच उभा राहिलो. त्याला हाताला धरून आत आणलं. बायकोने चहा दिला, तो प्यायला. मुलाशी फुटबॉलवर बोलला. जाताना म्हणाला, "काळजी करू नका, दाइ."

काल अहवालाची नक्कल मिळाली. पुन्हा 'घर बंद'. मी त्याला लगेच फोन लावला.

"कोण तीर्थमान?" तो म्हणाला. "त्या घराला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, तिथे कधी कुणी राहिलेलंच नाही."

मी शेजाऱ्यांकडे अजून गेलेलो नाही. हिंमत होत नाही.

मुलगा आतल्या खोलीत परीक्षेचा अभ्यास करतोय. त्या परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत शुक्रवारपर्यंत आहे, आणि त्याला नागरिकता लागते.