कोरी म्हटलेली तबकडी

या, जरा पुढे सरून बसा. देवाचं नाव घेऊन एक हकिगत सांगतो. लांबण नाही लावत.

मोखाड्यात तहसील कचेरीच्या बाजूला तुळशीदासाचं संगणकाचं दुकान होतं. अर्ज, दाखले, प्रतिज्ञापत्रं टाइप करायचा. साल दोन हजार चार. बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, पाड्यावरची राहीआजी आली. तिचा नवरा जिवा भजनी बुवा; वारून दोन वर्षं झालेली. सप्ताहात त्याने गायलेला अभंग एका गुरुजींनी कॅमेऱ्यात धरून तिला तबकडी करून दिली होती.

"तुळशीदासा, याचा आवाज ऐकव. हल्ली आठवायला बसलं का तोंड दिसतं, आवाज येत नाय."

बाकावरचा रोहिदास कारकून म्हणाला, "आजी, म्हाताऱ्याला गोल करून आणलंस का?"

"जिता होता तवा तरी कुठं सरळ होता?"

सगळे हसले. ड्राइव्हने तबकडी आत घेतली, दोनदा घरघर केली आणि गप्प झालं. तुळशीदासाने ती काढून पाहिली. मधल्या भोकाशेजारी बारीक अक्षरं होती: डीव्हीडी. त्याचं ड्राइव्ह फक्त सीडी वाचणारं. दिसायला दोन्ही सारख्या, पण जुन्या ड्राइव्हला डीव्हीडी उमगत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आमचं यंत्र जुनं आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण दारावर 'अत्याधुनिक' अशी पाटी, आणि समोर कचेरीची माणसं.

"कोरी आहे आजी. हिच्यात काहीच नाही."

"कोरी?" तिने पदर सारखा केला. "गुरुजी चुकला असंल. उगाच तुझा येळ घेतला, बाबा." तबकडी टेबलावरच राहिली.

त्या रात्री तुळशीदास कीर्तनाला बसला, पण मान वर होईना. कीर्तनकार बुवा नामाचा महिमा सांगत होते आणि याच्या कानात एकच शब्द, कोरी.

पंधरा दिवसांनी नाशिकहून डीव्हीडीचं ड्राइव्ह आणून त्याने बसवलं. अख्खा संगणक जीपमध्ये घालून सकाळीच पाड्यावर नेला. उंबऱ्यातच म्हणाला, "आजी, मी खोटं बोललो. माझ्या यंत्राला वाचता येत नव्हती."

ती पदर सावरून समोर बसली.

तबकडी लागली. पडद्यावर मांडव आला. टाळ वाजले, मृदंग वाजला, कुणी खोकलंसुद्धा. जिवाबुवा उभे राहिले, तोंड उघडलं.

आवाज नव्हता.

टाळ स्वच्छ. मृदंग स्वच्छ. ओठ हलत होते, गळ्याची शीर फुगत होती. तुळशीदासाने आवाज वाढवला. टाळच मोठे झाले.

राहीआजी मात्र मान डोलवत होती. डोळ्यांतून पाणी.

"आजी, ऐकू येतंय?"

"तर. तुला नाय?"

पडद्यावर जिवाबुवा थांबले. टाळही थांबले. ते सरळ बाहेर, तुळशीदासाकडे बघत काहीतरी बोलले.

"तुला इचारतोय," आजी म्हणाली.

"काय?"

आजीने त्याच्याकडे पाहिलं, आणि तिलाच लाजल्यासारखं झालं. 'कोरी' हा शब्द तिने तोंडातून काढला नाही.

तुळशीदासाने घाईने तबकडी बाहेर काढली. पडदा काळा झाला. आजीचा हात मांडीवर ताल धरून तसाच पडत होता.

"जरा दम धर," ती म्हणाली. "अभंग संपू दे."

एवढं करा, घरी जाल तेव्हा जिवाबुवांची आठवण काढा.