साचिको मॅडमचा दुभाषा

आगरदांड्याच्या जेट्टीवर वरद दिसला आणि निवेदिताचं डोकंच फिरलं. एका जपानी बाईची बॅग याच्या खांद्याला, वाऱ्याने उडेल म्हणून तिची टोपी याच्या हातात... आणि वर ते हसणं! गेल्याच महिन्यात त्याची आई निवेदिताच्या घरी येऊन सांगून गेली होती, "मुलगी पसंत आहे, पण लग्नानंतर नोकरी नको." तेव्हा हेच महाशय सुपारीच्या वाडीकडे बघत मूग गिळून बसले होते.

दिघीच्या बोटीत जागा नेमकी त्यांच्याशेजारीच मिळाली.

"या साचिको मॅडम, बंदराच्या कामावर इंजिनिअर आहेत," वरद म्हणाला. "मी त्यांचा दुभाषा. काय काम करतात, बघायला हवंस तू."

"परक्या बाईने नोकरी केली की कौतुक," निवेदिता म्हणाली. "आणि घरचीने केली की—"

तिने तोंड फिरवलं. खाडीचा गार वारा अंगावर येत होता, तरी तिचा नुसता जळफळाट होत होता.

मॅडमनी काही विचारलं. "तुम्ही काय करता?" वरदने मराठीत सांगितलं.

"म्हसळ्याला बँकेत आहे. सध्या तरी."

मॅडम बोलू लागल्या. दुभाष्याने दुसऱ्याचं बोलणं 'मी' म्हणूनच सांगायचं असतं, तसं वरद सांगू लागला. "माझं लग्न ठरलं तेव्हा ऑफिसने मला फुलं दिली. म्हणजे आता घरी बस, असा तिथला रिवाज. मी नोकरी सोडली. पुन्हा मिळवायला मला बारा वर्षं लागली. नवरा तसा चांगला, पण त्या दिवशी तो..."

वरद अडखळला.

"तो काय?"

"गप्प बसला."

निवेदिताने डबा उघडून मॅडमपुढे नारळाची वडी धरली. वरदकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

"नोकरी सोडू नकोस," वरदचा आवाज आला. "त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. आईला मी सांगतो. तिला नाही पटलं, तरी... मला लग्न तुझ्याशीच करायचंय."

निवेदिताने चमकून मॅडमकडे पाहिलं. त्या डोळे मिटून वडी चघळत होत्या.

"हे त्या कधी बोलल्या?"

"नाही बोलल्या," वरद म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

दिघीचा धक्का जवळ आला. निवेदिता उठली. हसू आवरताना तिची पंचाईत झाली होती.

"त्यांची बॅग त्यांना दे," ती म्हणाली, "आणि माझी घे."