चिंगीचा कोरा कागद

तुम्हाला ही थाप वाटली तर वाटू द्या. मी कुणाला पटवायला बसलेलो नाही.

पण हे माझ्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत घडलंय, माझ्या डोळ्यांदेखत. आणि रात्री-बित्री नाही. भरदुपारी, खोलीत लख्ख उजेड असताना. त्या खोलीतल्या ट्यूबलाइट मीच बसवल्या होत्या.

माझं विजेच्या सामानाचं दुकान आहे. पंखा आपोआप फिरतो म्हणून कुणी घाबरून बोलावलं, की मी टेस्टर घेऊन जातो, लूज कनेक्शन शोधतो आणि हसत परत येतो. असल्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर टिंगलच करत आलो.

आता करत नाही.

ताई चित्रकलेच्या कॉलेजच्या ग्रंथालयात जुने कागद दुरुस्त करायची. गंजलेल्या टाचण्या काढायच्या, दुमडलेले कोपरे सरळ करायचे, फाटलेल्या जागी पातळ कागद चिकटवायचा. हात इतका हलका की बघत राहावं.

तिची एकुलती एक मुलगी चिंगी त्याच कॉलेजात शिकत होती. एका सकाळी पाठीला सॅक अडकवून वर्गात गेली... आणि घरी आलीच नाही.

पोलीस झाले, फोटो छापून झाले, नाही नाही ते सगळं करून झालं. काही कळलं नाही. भाऊजींनी हाय खाल्ली आणि तेही गेले. ताईने मात्र आशा सोडली नाही. इतकी वर्षं झाली, पण तिच्या दाराला दिवसा कडी नसायची. चिंगी आली आणि दार बंद दिसलं तर, म्हणून.

चिंगीचे सर मोठे चित्रकार होते. पॉप आर्टवाले. साबणाची वेष्टनं, पत्र्याचे डबे, जाहिरातीतल्या रडणाऱ्या बायका, हे सगळं भिंतीएवढं करून रंगवायचे. आणि माणसाच्या तोंडापाशी बोलण्याचा फुगा, मुलांच्या चित्रकथांमध्ये असतो तसा. मला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. "डबेच बघायचेत तर माझ्या स्वयंपाकघरात या की," असं मी म्हणायचो आणि चिंगी माझ्या पाठीत धपाटा घालायची.

सर गेले तेव्हा त्यांचे सगळे कागद खोकी भरभरून ग्रंथालयात आले. ते लावायचं काम ताईकडे आलं.

खरं तर तिने ते मागून घेतलं.

"त्यात चिंगीचं काहीतरी असेल रे," ती म्हणाली. "सर मुलांचा चिटोरासुद्धा टाकायचे नाहीत."

आणि निघालंही. एक मोठं पाकीट.

सरांची एक पद्धत होती. प्रत्येक मुलाने स्वतःचाच चेहरा छापायचा. लाकडी चौकटीत ताणलेली जाळी, तिच्यावर शाई, आणि वरून रबराची पट्टी ओढायची. एका वेळी एकच रंग. आधी पिवळा, मग लाल, मग निळा. काळा सगळ्यात शेवटी, कारण चेहऱ्याच्या रेषा आणि फुग्यातले शब्द काळ्यातच येतात. आपण जगाला काय सांगणार, ते मुलाने त्या फुग्यात लिहायचं.

पाकिटात वर्गातल्या सगळ्यांचे चेहरे होते. चिंगीचा कागद मात्र कोरा. कोपऱ्यात पेन्सिलीने तिचं नाव, बाकी काही नाही. ती गेली तेव्हा तिने पहिला रंगसुद्धा ओढलेला नव्हता.

ताईने तो कोरा कागद छातीशी धरला आणि ढसाढसा रडली.

दोन-चार दिवसांनी दुपारी तिचा फोन आला.

"जरा येतोस? कागद ओला लागतोय. पण मला काही दिसत नाही. तू बघ."

मी गेलो. जिना चढत होतो तेव्हाच आवाज आला...

सर्रर्र...

ताणलेल्या कापडावरून कुणी काहीतरी जोर लावून ओढावं, तसा.

मला वाटलं पंख्याचं बेअरिंग गेलं. वर जाऊन बघतो तर पंखा बंद. खोलीत ताई एकटी. आणि शाईचा वास.

त्या खोलीत शाईला सक्त मनाई होती. जुन्या कागदांवर डाग नको म्हणून साधं पेनसुद्धा दारात काढून ठेवावं लागे, सगळे पेन्सिलीने लिहायचे. तरीही वास शाईचाच होता.

कागदावर एक मोठा पिवळा आकार उमटला होता. चेहऱ्याएवढा. मी बोट लावलं तर बोट पिवळं झालं.

"ताई, अगं हे पिवळं काय आहे?"

"कुठे?" ती म्हणाली.

मला वाटलं ती थट्टा करतेय. संध्याकाळी आम्ही फाटकाशी आलो. माझी स्कूटर पिवळीधमक आहे. ताई तिच्यासमोर उभी राहून इकडेतिकडे बघत राहिली.

"गाडी कुठे लावलीस?"

"ही काय, नाकासमोर!"

"ही पांढरी?... तुझी होय?"



पुढच्या आठवड्यात लाल आला. मी दुकानात होतो. ताई नंतर म्हणाली की आवाज तिने ऐकला, अगदी पाठीमागून. वळून बघितलं तर कुणी नाही. मी पोचलो तेव्हा कागदावर ओठ आणि गाल उमटले होते. तोंड उघडं. हसणारं.

"काय आलंय? सांग ना," ती माझा हात हलवत विचारत होती.

"ओठ आलेत. हसतेय."

"तिची ती जिवणी... रुंद?"

"हो गं. तिचीच आहे."

ताई आनंदाने रडायला लागली. मी मात्र तिच्या बोटाकडे बघत होतो. कागदाची कड लागून बोट कापलं होतं. टेबलावर लाल थेंब पडत होते.

"हे पाणी कुठून सांडलं?" ती म्हणाली.

मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी औषध घालून, यंत्रात बघून सांगितलं की डोळे ठणठणीत आहेत. ग्रंथपालबाईंना सांगून खोलीला कुलूप लावायला लावलं. पण दुसरी किल्ली ताईकडे होती, आणि ताईला कोण अडवणार?

मग निळा आला.

त्यानंतर तिला सगळं नुसतं पेन्सिलीने काढल्यासारखं दिसायला लागलं. पांढरं आणि काळ्या रेषा, बस. जो रंग त्या कागदावर यायचा, तो तिच्या डोळ्यांतून जायचा. म्हणजे जिच्यासाठी एवढा आटापिटा, ते चित्र ताईने तसूभरही बघितलेलं नव्हतं. तिच्या लेखी कागद अजून कोराच होता.

मी हे सगळं तिला समजावून सांगितलं. पाया पडलो तिच्या.

"ताई, आता काळाच राहिलाय. तो गेला तर काहीच उरणार नाही. जाळून टाकू तो कागद."

ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "हात तर लावून बघ त्या कागदाला."

"वेडी आहेस का तू?"

"काळ्या रेषा मला अजून दिसतात ना? मग रेषा उमटतील तेव्हा एकदा दिसेल मला ती. क्षणभर का होईना. आणि तो फुगा... ती काहीतरी सांगणार आहे रे. इतकी वर्षं मी ह्या डोळ्यांनी काय बघितलं, सांग बरं? रिकामं दारच ना?"

जाळायचं मी पुन्हा काढलं नाही.

त्याच दुपारी मी तिच्यासोबत गेलो. म्हटलं, निदान हात धरून बसू. जमलं तर ऐन वेळी कागद ओढून घेऊ.

खोलीत आम्ही दोघंच. समोर टेबलावर चिंगी. पिवळी, लाल, निळी, कडा विरघळलेली. डोळ्यांच्या जागी नुसते डाग. उघडं तोंड. आणि तोंडापाशी रिकामा पांढरा फुगा.

बराच वेळ काहीच झालं नाही. मला हायसं वाटायला लागलं.

मग बाहेरचे आवाज थांबले. रस्ता, पाखरं, खालच्या मजल्यावरच्या खुर्च्या... सगळे. ट्यूबलाइटची बारीक गुणगुणसुद्धा. ट्यूब चालू होती, पण आवाज नव्हता.

शाईचा वास आला.

मी कागदाकडे झेपावलो. ताईने माझा हात घट्ट धरला. एवढा जोर तिच्यात कुठून आला, देव जाणे.

सर्रर्र...

आमच्या दोघांच्या मधून...

कागदावर वरून खाली काळ्या रेषा उतरत गेल्या. केस. भुवया. डोळे. ताई पुढे वाकून बघत होती, पापणीसुद्धा न हलवता.

"किती पांढरं झालं रे," ती हळूच म्हणाली. "तू दिवा लावलास का?"

मी तिच्या डोळ्यांसमोर हात हलवला. काही नाही.

"झालं का पूर्ण?" तिने विचारलं. "मला दिसलीच नाही. क्षणभरही नाही. तू बघ ना. कशी दिसतेय? आणि लिहिलंय काय?"

मी बघितलं.

चिंगीच होती. पण ती हसत नव्हती.

काळ्या रेषा येईपर्यंत आम्ही ज्याला हसू समजत होतो, ते हसू नव्हतं. भुवया आक्रसलेल्या, गालांवर पाण्याचे ओघळ, घसा ताणलेला. ती जिवाच्या आकांताने ओरडत होती. आणि फुग्यात तिच्याच वळणाचं अक्षर होतं...

*आई, थांब. काळा देऊ नकोस.*

शब्द काळ्यातच येतात. तिला सांगायला दुसरी वाटच नव्हती.

"वाच ना रे," ताई म्हणत होती. "जोरात वाच."

मी वाचलं. "आई, मी बरी आहे."

ताईने दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. इतक्या वर्षांत मी तिला असं हसताना बघितलं नव्हतं.

ग्रंथपालबाईंनी तो कागद दप्तरी ठेवून घेतला नाही. तुमचा आहे, घेऊन जा, म्हणाल्या. त्यांनी तो हातात धरायलाही नकार दिला. आता तो ताईच्या घरी तिच्या खुर्चीसमोर भिंतीला आहे. डोळे परत आले नाहीत. डॉक्टर अजूनही म्हणतात, डोळे ठणठणीत आहेत.

रोज संध्याकाळी दुकान बंद करून मी तिच्याकडे जातो. ती चाहूल घेते आणि म्हणते, "आलास? वाच बघू."

मी भिंतीपुढे उभा राहून वाचतो. आई, मी बरी आहे. ताई मान डोलावते. मग आम्ही जेवतो. एवढ्यावरच तिचं सगळं चाललंय. खरं सांगितलं तर तिच्याजवळ काय उरेल?

पण काल मी नेहमीसारखा उभा राहिलो... आणि वाचता वाचता थबकलो.

फुग्यात खाली आणखी एक ओळ होती. बारीक अक्षरात. शाई अजून ओली होती.

*मामा, खोटं का बोलतोस?*

"थांबलास का रे?" ताईने विचारलं.

"काही नाही, ठसका लागला," म्हणालो, आणि पुन्हा तेच वाचलं. आई, मी बरी आहे.

पाठीमागे, अगदी जवळून, तोच सर्रर्र आवाज आला. ताईनेही मान वळवली.

आज सकाळी दुकानात एका गिऱ्हाइकाने पिवळी वायर मागितली. मी रॅककडे वळलो. माल कालच भरला होता.

तिथे सगळी पांढरीच होती.

गिऱ्हाईक हसलं. बोट दाखवून म्हणालं, "ही काय, समोरच तर आहे!"

आता संध्याकाळ होत आली आहे. ताई वाट बघत असेल.