बंद पुलावरच्या खुर्च्या

"दहापैकी दोन!" शहाणीने जाहीर केलं आणि आपला तक्ता चहाच्या किटलीला टेकवून उभा केला. "या बंदरात उतरण्यात काहीही अर्थ नाही!"

जहाज पहाटेच धक्क्याला लागलं होतं. दुपारी चारला ते पुन्हा सुटणार होतं. तेवढ्या वेळात खाली उतरायचं की वरच थांबायचं, हे ठरवायचं काम काकांनी आपल्या लेकीवर, म्हणजे शहाणीवर, सोपवलं होतं. तिने वाटेतल्या प्रत्येक बंदराचा तक्ता केला होता. चालणं किती, ऊन किती, बघण्यासारखं काय, सगळं हिरव्या शाईत. आणि गुण लाल शाईत.

"गावात जायचा पूल बंद आहे," ती म्हणाली. "सहल-अधिकाऱ्यांच्या फलकावरच लिहिलंय. मग उरली गोदामं आणि क्रेन. ती काय, डेकवरूनही दिसतात!"

"याला म्हणतात अभ्यास!" काकांनी टेबलावर थाप मारली. "ठरलं! कुणीही उतरायचं नाही. मी पोहायला जातो."

"आणि ऐकलंत का," मावशी म्हणाली, "त्या टायवाल्या साहेबांनी हिचा तक्ता लिफ्टजवळच्या फळ्यावर लावलाय. सगळं जहाज वाचतंय!"

भिंगरीने टोस्ट करकचून चावला.

भिंगरी बारा वर्षांची. एका जागी स्वस्थ बसत नाही म्हणून घरात तिचं हेच नाव पडलं होतं. शहाणी तिची मावसबहीण, तिच्यापेक्षा जेमतेम आठ महिन्यांनी मोठी. पण त्या आठ महिन्यांसाठी भिंगरीला तिला 'ताई' म्हणावं लागायचं! शहाणीचं अक्षर सुरेख. शहाणीची बॅग नीट लावलेली. शहाणीला समुद्र लागत नाही. भिंगरीने मात्र पहिल्याच दिवशी काकांच्या बुटात उलटी केली होती, आणि ती गोष्ट काका भेटेल त्याला सांगत होते.

"मी तर उतरणार!" भिंगरी एकदम म्हणाली.

"का गं?" आईने विचारलं.

"का म्हणजे... असंच!"

सगळे हसले. शहाणीसुद्धा हसली, अगदी हळू, तोंडावर रुमाल धरून. तो रुमालही इस्त्रीचा होता!

आजोबांची दुर्बीण गळ्यात अडकवून भिंगरी तरातरा वरच्या डेकवर गेली. मागोमाग शहाणीचा धाकटा भाऊ धावत आला. तो दहा वर्षांचा. त्याच्या कानावर पडलेली गोष्ट पाच मिनिटांत घरभर व्हायची, म्हणून त्याला सगळे 'रेडिओ' म्हणत.

"भिंगरीताई, तू चिडलीस?"

"मुळीच नाही!"

"मग दुर्बीण उलटी का धरलीयेस?"

भिंगरीने मुकाट्याने दुर्बीण सुलट केली. गोदामं. क्रेन. खरंच, दहापैकी दोनच होते! मग तिने दुर्बीण खाडीकडे वळवली आणि तिचा हात थांबला.

खाडीवर एक लांब पूल होता. त्या पुलावरून अलीकडच्या वस्तीतली माणसं पलीकडे चालली होती! एक बाई बाळाची ढकलगाडी घेऊन. दोन सायकलवाले. एक म्हातारं जोडपं. आणि जवळजवळ प्रत्येकाच्या काखेत एकेक घडीची खुर्ची!

"रेडिओ, बघ! पूल बंद आहे ना?"

"हो. फलकावर लिहिलंय."

"मग हे काय?"

रेडिओने डोळा लावला. "अगं बाई! खुर्च्या! पण सगळे एकाच बाजूला चाललेत. परत कुणीच येत नाहीये. कुठे चाललेत?"

ते भिंगरीला ठाऊक नव्हतं. तिच्या डोक्यात वेगळंच सुरू झालं होतं. शहाणी चुकली! लाल शाईत, हिरव्या रेघांत, लिफ्टजवळच्या फळ्यावर सगळ्या जहाजासमोर चुकली! घड्याळात नऊ वाजले होते. भिंगरीला इतका आनंद झाला की तिने रेडिओचा गालगुच्चा घेतला.

"मी सांगून येतो!" रेडिओ निघालाच.

"थांब!" तिने त्याची कॉलर पकडली. "आत्ता नाही. एक वाजता, जेवायच्या टेबलावर. सगळे असतील तेव्हा! तोवर तोंडाला कुलूप. शपथ?"

"तोवर म्हणजे चार तास?" रेडिओचा चेहरा पडला. "माझं पोट फुटेल!"

"फुटू दे!"

पण नुसतं पाहिलं म्हणून कोण विश्वास ठेवणार? पुरावा हवा! दोघं खाली सहल-कक्षात गेले. तिथे काचेच्या चौकटीत तो फलक टांगलेला होता: 'दुरुस्तीमुळे पूल बंद. पायी जाता येणार नाही.' खाली पुलाचं छायाचित्र होतं. त्यात पुलाला चहूकडून बांबू आणि जाळ्या लावलेल्या दिसत होत्या.

"आत्ता तर एकही बांबू नव्हता," भिंगरी पुटपुटली. तिने मान तिरकी करून चौकटीखाली लपलेली शेवटची ओळ वाचली. तिथे बारीक अक्षरांत तारीख होती. महिना हाच. पण वर्ष मागचं!

"मागच्या वर्षीचा फलक आहे हा!" रेडिओ ओरडला.

टेबलामागे सहल-अधिकारी बसले होते. त्यांच्या टायवर छोटे छोटे नांगर होते, म्हणून सगळे त्यांना टायवाले म्हणत. त्यांनी संगणकावरून नजरही उचलली नाही.

"काका, पूल उघडा आहे. आम्ही पाहिला," भिंगरी म्हणाली.

"बाळ, पूल बंद म्हणजे बंद. जा, खेळा जा."

एरवी भिंगरी हट्टाला पेटली असती. आज तिला बरंच वाटलं. जितका वेळ फलक तिथे राहील, तितकी शहाणीची फजिती मोठी! ती निमूटपणे बाहेर आली. मग तिने दीड तास डेकवर येरझाऱ्या घालत जेवणाच्या टेबलावरचं भाषण पाठ केलं. 'तुझ्या तक्त्यात एक छोटीशी चूक आहे...' 'छोटीशी' हा शब्द तिला फार आवडला.

पावणेअकरा वाजत आले होते. कामगारांच्या जिन्याजवळ तिला जहाजाच्या धुलाईघरातल्या बाई दिसल्या. रोज निळ्या गणवेशात असणाऱ्या त्या बाईंनी आज फुलाफुलांचा झगा घातला होता, आणि काखेत होती घडीची खुर्ची!

"मावशी, तुम्हीपण?" भिंगरी धावली. "सगळे खुर्च्या घेऊन कुठे चाललेत?"

"अगं, जहाजबांधणीच्या गोदीत! बारा वाजता नवं जहाज पाण्यात सोडणार आहेत. दोन वर्षं बांधत होते. सगळं गाव लोटलंय! साडेअकराला फाटक लावून घेतात, म्हणून तर घाई." आणि त्या खटखट जिना उतरून गेल्या.

रेडिओने भिंगरीकडे पाहिलं. "आजोबा जहाजं जोडायचे ना गं?"

भिंगरीने गळ्यातली दुर्बीण घट्ट धरली.

आजोबा पस्तीस वर्षं गोदीत वेल्डर होते. त्यांच्या हातांवर अजून ठिणग्यांचे बारीक पांढरे डाग होते. एकदा तिने विचारलं होतं, की तुमचं जहाज पाण्यात उतरताना कसं दिसायचं? आजोबा म्हणाले होते, "मला काय ठाऊक? ते उतरायचं तेव्हा आम्ही पुढच्या जहाजाच्या पोटात असायचो. भोंगा ऐकू यायचा, बस्स."

एक वाजेपर्यंत थांबलं तर भाषण छान होईल. पण जहाज बाराला उतरणार!

"फक्त आजोबांना हळूच सांगू," ती म्हणाली. "शहाणीला नाही."

पण वाचनालयात आजोबा एकटे नव्हते. शहाणी त्यांच्यासमोर बसून बुद्धिबळ खेळत होती. भिंगरी दारात थबकली. मग तिने घड्याळ पाहिलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. पूल, खुर्च्या, तारीख, नवं जहाज!

आजोबा हातातला घोडा पटावर ठेवायचाच विसरले. शहाणीचा चेहरा आधी पांढरा, मग लाल झाला.

"तू पूल कधी पाहिलास?"

"नऊ वाजता."

"नऊ वाजता? आणि आत्ता सांगतेस?"

"मला सगळ्यांसमोर तुझी फजिती करायची होती!" भिंगरीच्या तोंडून निसटलं. आता थांबणंही शक्य नव्हतं. "सगळे सारखं तुझंच कौतुक करतात! तुझं अक्षर, तुझी बॅग, तुझा रुमाल! कंटाळा आला मला!"

"आणि मला?" शहाणी उठून उभी राहिली. "आजोबा मला फक्त मार्क विचारतात! तुझ्याशी मात्र तासन्‌तास गप्पा! गोदीच्या गोष्टी तुलाच का सांगतात? दुर्बीण तुलाच का देतात? मी कधी मागितली नाही म्हणून?"

शहाणीला भिंगरीचा हेवा वाटत होता? शहाणीला?

"पोरींनो," आजोबांनी काठी उचलली, "उरलेलं भांडण पुलावर करा. चालायला वीस मिनिटं लागतील. रेडिओ, तू पोहण्याच्या तळ्यावर जा आणि सगळ्यांना सांग. मोठ्याने!"

चार तासांची शपथ सुटली! रेडिओ बाणासारखा पळाला.

पण प्रवाशांच्या जिन्यापाशी पहारेकऱ्याने हात आडवा केला. "पूल बंद आहे. पायी जायचं तर सहल-अधिकाऱ्यांची परवानगी आणा."

तिघं टायवाल्यांपुढे उभे राहिले. टायवाले वैतागले. "पुन्हा तुम्ही? किती वेळा सांगू? पूल..."

"बंद आहे," शहाणी अत्यंत नम्रपणे म्हणाली. "तेवढंच आम्हाला लिहून द्याल का, सर? 'आज मी स्वतः खात्री केली, पूल बंद आहे.' खाली आजची तारीख आणि तुमची सही. ते कॅप्टनबाईंना दाखवू, म्हणजे आमच्या आजोबांची समजूत पटेल."

आजोबांनी लगेच हट्टी म्हाताऱ्यासारखा चेहरा केला.

ही युक्ती मला का नाही सुचली, या विचाराने भिंगरी पुन्हा मनातून जळाली. पण युक्ती होती मात्र झकास!

टायवाल्यांनी पेन उचललं. 'आज मी स्वतः' इथपर्यंत लिहिलं. मग पेन थांबलं. भिंगरीने गळ्यातली दुर्बीण काढून अलगद कागदावर ठेवली. "खिडकीतूनच दिसतो, काका."

टायवाले खिडकीशी गेले. बराच वेळ पाहत राहिले. त्यांचे कान लाल झाले.

"अहो, हे तर आपल्या जहाजावरचे वाद्यवृंदवाले! पुलावर! हातात खुर्च्या!" ते मटकन खाली बसले. "मी... सहा वर्षांत मी या बंदरात एकदाही उतरलो नाही. मागच्या वर्षीचाच फलक पुन्हा लावला..."

"आता जिन्यावर फोन करता का?" आजोबा शांतपणे म्हणाले. "अकरा वाजलेत."

फोन झाला. ध्वनिक्षेपकावरून घोषणाही झाली. भराभर केबिनची दारं उघडू लागली. पण पोहणारे तळ्यात, झोपणारे अंथरुणात! आजोबा, दोघी मुली आणि दम लागलेला रेडिओ फाटकातून आत शिरले तेव्हा साडेअकराला दोनच मिनिटं होती. त्यांच्या मागून काका घुसले. अंगात शर्ट, खाली पोहण्याची चड्डी, पायात दोन वेगळ्या रंगांच्या सपाता!

"मी आलो! मी आलोच!" ते धापा टाकत म्हणाले. "तुझी आई आणि मावशी मागे आहेत..."

फाटक लागलं. आई आणि मावशी बाहेरच राहिल्या. भिंगरीने गजांतून आईकडे पाहिलं. आईने हसून हात हलवला, जा जा, पुढे जा. भिंगरीला ते हसणं रागावण्यापेक्षा जास्त लागलं. नऊ वाजता सांगितलं असतं तर!

समोर जहाज उभं होतं. लाल पोटाचं, चार मजली घराएवढं, अख्खं उघड्यावर. फुलाफुलांच्या झग्यातल्या बाईंनी आपली खुर्ची आजोबांना दिली, पण आजोबा बसले नाहीत. खालचे कामगार जहाज अडवून धरणाऱ्या पाचरी ठोकून काढत होते. ठण्, ठण्, ठण्! मग आवाज थांबला. गर्दी गप्प झाली.

काहीच हललं नाही.

"अडकलं का?" रेडिओ कुजबुजला.

"श्श!" आजोबा म्हणाले.

आधी एक खोल कण्हल्यासारखा आवाज आला. मग ती लाल भिंत वीतभर सरकली. हातभर. आणि एकदम धडधडत सुटली! लाकडांतून धूर निघाला, भोंगा वाजला, आणि जहाज मागच्या बाजूने खाडीत घुसलं. पाणी दोन्हीकडे उसळून थेट त्यांच्या पायांपर्यंत आलं. जहाज एकदा डावीकडे झुकलं, एकदा उजवीकडे, आणि सरळ उभं राहिलं!

सगळे ओरडत होते. आजोबा मात्र हात पुढे करून त्या लाल पोटावरची, पत्र्यांच्या जोडाची एक सरळ रेघ बोटाने हवेत गिरवत होते.

"जोड धरला," ते म्हणाले. "बघा पोरींनो, जोड धरला." त्यांनी एका हाताने भिंगरीचा आणि दुसऱ्याने शहाणीचा खांदा धरला होता.

जहाजावर परतताना जिन्याच्या तोंडाशी स्वतः कॅप्टनबाई उभ्या होत्या. शेजारी टायवाले, खाली मान घालून.

"उघडा पूल आधी कुणी पाहिला?" बाईंनी विचारलं.

"भिंगरीताईने!" रेडिओ गर्जला.

"शाब्बास! आम्हा मोठ्यांना डोळे असून दिसलं नाही ते तुला दिसलं!" बाईंनी तिचा हात हातात घेतला. प्रवासी टाळ्या वाजवू लागले. भिंगरीने हळूच शहाणीकडे पाहिलं. शहाणीही टाळ्या वाजवत होती, पण एक क्षण उशिरा, आणि ओठ घट्ट मिटून. तो चेहरा भिंगरीला चांगला ओळखीचा होता. रोज आरशात तो तिनेच पाहिला होता.

"पाहिला मी नऊ वाजता," ती म्हणाली. "पण पावणेअकरापर्यंत कुणाला सांगितलं नाही. माझ्यामुळे आई बाहेर राहिली, आणि अजून कितीतरी लोक. आणि लिहून मागायची युक्ती ताईची होती. ती नसती तर आम्ही जिन्यावरच अडकलो असतो."

'ताई' हा शब्द पहिल्यांदाच कुणी न सांगता आला होता.

"मग शाब्बासकी दोघींना," कॅप्टनबाई म्हणाल्या. "आणि फलक, साहेब, आपण दोघं मिळून काढू. आत्ताच."

"माझ्या नाती!" आजोबा एवढंच म्हणाले, पण एवढ्या मोठ्याने की वरच्या डेकवर ऐकू गेलं.

चारला जहाज सुटलं. आई कठड्याशी खुर्ची ओढून बसली. "मला नुसता भोंगा ऐकू आला बाई. सांगा ना, कसं होतं?"

दोघींनी एकदमच तोंड उघडलं. दोघीही थांबल्या. भिंगरीने मोठ्या कष्टाने ओठ मिटले. "तू सांग, ताई."

शहाणी सांगू लागली. तीही अशी रंगवून, की आजूबाजूचे प्रवासी गोळा झाले. आईचे डोळे विस्फारले. भिंगरी बसल्या जागी चुळबुळू लागली.

"...मग त्यांनी पाचर काढली, आणि जहाज धडाधड सुटलं!"

"नाही, नाही, तसं नाही!" भिंगरी उडी मारून उठली. "आधी काहीच झालं नाही! आधी सगळे गप्प होते!"

"बरं, मग तेवढं तू सांग," शहाणी म्हणाली आणि सरकून तिला कठड्याशी जागा करून दिली.