पाच नंबरची ओ

केळीचे व्यापारी पितांबरआबा बशीतला चहा फुंकत ऐकत होते, म्हणून आपलं बोलणं त्यांना कळतंय असा भटूचा समज झाला.

"तारेवरून यंत्रं तीन तऱ्हांनी बोलतात. आरएस-२३२ म्हणजे नवरा-बायको," भटू म्हणाला. "बोलणं दोघांतच, तेही पंधरा मीटरच्या आत. ४२२ म्हणजे कीर्तन. एकाने बोलायचं, दहांनी ऐकायचं. ४८५ म्हणजे शाळेची हजेरी. दोन तारांवर बत्तीस जण. नंबर पुकारला त्यानेच ओ द्यायची, बाकीच्यांनी गप्प."

"किती लांब चालतं?"

"किलोमीटरभर."

"मंग हजेरीच लाव."

शहाण्णव साल. जळगावात एरंडोल रस्त्याला आबांच्या केळी पिकवायच्या चार थंड खोल्या होत्या, ऑफिसपासून दूर, शेताच्या पार टोकाला. खोलीत मीटर, ऑफिसात कॉम्प्युटर. तो नंबर पुकारणार, मीटर तापमान सांगणार. धुळ्याहून पॉलिटेक्निक करून भटू बराच काळ रिकामा हिंडला होता. पहिलं काम दिलं ते आबांनी, वर दुपारचं जेवणही.

फक्त चार हा आकडा त्यांना पटेना. "सवाष्णी चार बोलावतो का आपण? पाच बोलावतो. पाच कर."

पाचवी खोली नव्हती, पाचवा मीटर नव्हता. भटूने प्रोग्रॅममध्ये पाच नंबर घातला. पुकारायला काय जातं? पडद्यावर रोज हिरव्या अक्षरांत यायचं : पाच, गैरहजर.

झाडायला येणाऱ्या मंजुळाबाई शिंदखेड्याकडच्या. त्यांनी विचारलं, "पाचवा कोन शे?"

"कोणी नाही, मावशी. नुसती हाक."

"रिकामा घरले हाक मारू नही, भाऊ."

भटू हसला.

श्रावणात पाच नंबरने ओ दिली. ३६.९.

तारेत गडबड असणार. भटूने जोड तपासले, तारेच्या टोकाचा रोधक बदलला, शेवटी चारही मीटर काढून टेबलावर ओळीने मांडले. पडद्यावर चौघे गैरहजर झाले. पाचवा हजर. ३६.९.

मीटर त्याने परत खोल्यांत बसवले. पुढच्या आठवड्यात आबांना ताप भरला. डॉक्टरांच्या थर्मामीटरवर एकशे तीन. पाच नंबर ३९.४ म्हणत होता. भटूने फॅरनहाइटचं सेल्सिअस केलं, मग पुन्हा केलं, कारण पहिल्यांदाच बरोबर आलं होतं.

ताप उतरला तसा आकडाही उतरला. सदतीसवर दोघे थांबले. भटूने कोणाला सांगितलं नाही. सांगणार काय, की आबांना ४८५ लागू पडलीय?

मग एका दमट दुपारी आबा समोर बसून मक्याचं कणीस खात असताना आकडा घसरायला लागला. ३५. ३२.

"आबा, बरं वाटतंय ना?"

"मला काय धाड भरलीय? तूच पांढरा पडलायस. कणीस खा."

२८.

माणूस अठ्ठावीसला कणीस खात नाही, एवढं भटूला कळत होतं. तार कापायला त्याने पक्कड उचलली. पण तारेच्या दुसऱ्या टोकाला नक्की कोण आहे, हे त्याला माहीत नव्हतं. त्याने पक्कड ठेवली.

त्याने प्रोग्रॅम उघडला, पाचाचे चार केले आणि पुन्हा चालू केला. हाकच नाही, तर ओ कुठली?

एक. दोन. तीन. चार.

मग जरा थांबून, कोणी न पुकारता : पाच. २१.

भटूने कॉम्प्युटरच बंद केला, पुन्हा चालू केला. त्याच्या हाताशी तेवढंच होतं.

१७.

१४. खोल्यांइतकाच. तिथे आकडा थांबला.

"लई उकडतंय रे," आबा म्हणाले. "पंखा वाढव."

भटूने पंखा वाढवला आणि वळून पाहिलं. थंड खोलीतून घड बाहेर काढला की केळ्यांवर जमतात तसे थेंब आबांच्या कपाळावर, गालांवर, कानांच्या पाळ्यांवर जमत होते. त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. कातडी कोरडी झाली, आणि मग हळूहळू, सगळीकडे सारखीच, पुन्हा ओली झाली.