कुलूप उघडायचं नाही

कुलूप घेतलेल्या माणसाच्या मनगटावर निळा ठिपका गोंदतात. अपघात झालाच, तर रुग्णवाहिकेतल्यांनी त्याच्यावर मॉर्फिन वाया घालवू नये म्हणून. कापड रंगवण्याच्या कारखान्यात वाफेचा पाइप फुटला आणि शलाका आडनाईकची पाठ भाजून निघाली, तेव्हा तो ठिपका पाहून त्यांनी सुई परत पेटीत ठेवली.

‘कुलूप’ हे लोकांनी ठेवलेलं नाव. खरं तर ती लस. ती घेतली की शरीर आयुष्यभर अशी प्रतिपिंडं बनवत राहतं, जी अफूच्या कुळातला प्रत्येक रेणू रक्तातच पकडतात. पकडलेला रेणू इतका मोठा होतो, की त्याला मेंदूत शिरता येत नाही. मग ब्राऊन शुगर कितीही ओढा, नशा चढत नाही. पण दुखणं थांबवणारं मॉर्फिनही त्याच कुळातलं.

“म्हणजे तिचं दुखणं थांबायचंच नाही?” अण्णांनी विचारलं. शलाकाचे वडील, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर.

“दुसरी औषधं चालू आहेत, पण ती पुरत नाहीत,” डॉक्टर नसरीन मुल्ला म्हणाल्या. “फुप्फुसांत वाफ गेलीय, त्यामुळे रोज पूर्ण भूल देता येणार नाही. आणि ड्रेसिंग तर रोज बदलायचंय. एक उपाय आहे. यंत्रातून रक्त फिरवून ही प्रतिपिंडं गाळून काढायची. मग मॉर्फिन लागू पडेल.”

“मग गाळा की!”

“चहा धड गाळता येत नाही, अण्णा,” पालथी पडलेली शलाका उशीतून म्हणाली, “आणि रक्त गाळायला निघालात.”

“मात्रा माझ्या हातात राहील, शलाका. बहुतेक जण पुन्हा अडकत नाहीत.”

“बाकीचे?”

डॉक्टरांनी ड्रेसिंगचा ट्रे जवळ ओढला.

“मी बाकीच्यांतली आहे, मॅडम. दोनदा सुटले आणि दोनदा परत गेले. आता उघडायचं नाही. ड्रेसिंगच्या वेळी मी मागेन, शिव्या देईन. ऐकू नका.”

“मग मी ऐकायचं कुणाचं?”

“अण्णांचं. त्यांना सवय आहे.”

पट्ट्या सुटू लागल्या तशी शलाका किंचाळली. “अण्णा, द्या म्हणावं! पाया पडते, द्या!”

हा आवाज अण्णांच्या ओळखीचा होता. बाहेरून कडी घातलेल्या खोलीतून त्यांनी तो रात्रंदिवस ऐकला होता. तेव्हा ते मनाला बजावत, ही शलाका नव्हे, ही नशा बोलतेय. आज त्याच आवाजाखाली लालभडक उघडी पाठ होती.

डॉक्टरांचे हात थांबले. “म्हणाल तर यंत्र सुरू करते.”

“मॅडम, हे दुखणं मागतंय की नशा? कळायला काही यंत्र आहे?”

“नाही.”

अण्णांनी लेकीचा हात घट्ट धरला. “मग उघडू नका.”

शलाकानं त्यांना कसाई म्हटलं. त्यांनी हात सोडला नाही.

सगळं आटोपल्यावर ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, “बरं केलंत.”

“नशाच मागत होती ना, पोरी?” अण्णांनी आशेनं विचारलं.

तिनं उशीवरची मान त्यांच्याकडे वळवली.

“नाही, अण्णा. आज नुसतं दुखत होतं.”

अण्णांनी विचारलं, “मग उद्या?”

“उद्याही नाहीच म्हणा.”